जात्यावरचे ग्रिट्स, एकदा घरी कराच
अटलांटात तीन वर्षं झाली पण ग्रिट्स घरी कधी केले नव्हते, यावेळी फार्मर्स मार्केटमधून दगडी जात्यावर दळलेल्या पांढऱ्या मक्याचं पाकीट आणलं आणि शनिवारी रात्री श्रिंप अँड ग्रिट्सचा (वर कोळंबी घातलेल्या ग्रिट्सचा) बेत केला. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच समजा, पण वाटीला चार वाट्या पाणी आणि मंद गॅसवर पाऊण तास ढवळत राहायचं, पाच मिनिटवाल्या इन्स्टंटला ही चव येतच नाही, मक्याचा गोडवा काय लागतो! शेवटी लोणी, चेडार चीज, वर बेकनच्या चरबीत लसणावर परतलेली कोळंबी, पातीचा कांदा. आमच्या इथल्या जॉर्जिया राज्याने २००२ मध्ये ग्रिट्सला राज्याचा अधिकृत पदार्थ केलंय ते उगाच नाही. पाकिटात कोंडा जरा जास्त आहे, आधी भिजवून वर तरंगलेला काढून टाका. दुसरं पाकीट आणलंय.