ईबेवरचे नाणी विकणारे आणि आपला फीडबॅक: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिटनमध्ये राहून मी ईबे या ऑनलाइन खरेदी-लिलावाच्या संकेतस्थळावर ब्रिटिश हिंदुस्थानचे चांदीचे रुपये घेते, अधूनमधून एखादी शिवराईही, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं. नाण्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. विकणाऱ्याबद्दल फीडबॅक कसा लिहावा, हे मात्र मराठीत कुणी नीट सांगितलेलं मी वाचलं नाही. नव्या संग्राहकाला नाणं हातात घेऊन बघता येत नाही. त्याच्यापुढे फोटो, वर्णन आणि आधीच्या गिऱ्हाइकांचे शब्द एवढंच असतं. त्यातले शब्द आपण लिहायचे असतात, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडते आहे.

व्यवस्था थोडक्यात अशी. व्यवहारानंतर 60 दिवसांच्या आत पॉझिटिव्ह, न्यूट्रल किंवा निगेटिव्ह असा शेरा देता येतो. शिवाय वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, विकणारा बोलायला कसा, पाठवायला वेळ किती लावला आणि टपालखर्च किती घेतला, या चार गोष्टींना वेगळे तारे. नावापुढची टक्केवारी गेल्या 12 महिन्यांतल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हवरून निघते, न्यूट्रल त्यात धरत नाहीत. 2008 पासून विकणाऱ्याला गिऱ्हाइकाविरुद्ध निगेटिव्ह देता येत नाही. म्हणजे पारडं आपल्या बाजूला झुकलेलं आहे आणि ते जपून वापरायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकी अभ्यासकांनी 1999 च्या उन्हाळ्यात ईबेवरच्या 'इंडियन हेड' सेंटांचे, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या एक सेंटच्या नाण्यांचे, 461 लिलाव तपासले होते. विकणाऱ्याच्या फीडबॅकचा नाण्याला मिळणाऱ्या किमतीवर परिणाम होतो, आणि पॉझिटिव्हपेक्षा निगेटिव्हचा कितीतरी जास्त, असं त्यांना आढळलं. दोन-चार नाणी विकून घर चालवणाऱ्याला आपला रागातला एक शेरा किती महागात पडत असेल!

त्यामुळे पाकीट फोडल्या फोडल्या मी काही लिहीत नाही. आधी वजन. 1835 पासून 1939 पर्यंतच्या रुपयाचं प्रमाणित वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के, व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. हातोहात फिरून झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, त्यात गैर काही नाही. पण अक्षरं ठसठशीत आणि वजन साडेदहा ग्रॅम, असं दिसलं की शंका घ्यायची. मग लोहचुंबक, मग काठावरचे दाते भिंगातून. ओतीव खोट्या नाण्याच्या काठावर पुष्कळदा सांधा दिसतो. 1939 चा रुपया दुर्मिळ आहे आणि त्याची खोटी नाणीही फिरतात, तिथे तर प्रत्येक आकड्याचं वळण खऱ्या नाण्याच्या फोटोशी ताडून बघते. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, त्या रुपयांना पहिल्यांचा निकष लावून विकणाऱ्याला दोष देऊ नये.

हे सगळं झालं की फीडबॅकमध्ये आकडा लिहायचा. 'वजन 11.6 ग्रॅम भरलं, फोटोतलंच नाणं आलं, काठ शाबूत' एवढं एक वाक्य पुरतं. 'छान नाणं, धन्यवाद' वाचून पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती काहीच लागत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न टाक्याचा, म्हणजे नाण्याला कडी जोडल्याच्या खुणेचा. आपल्याकडे रुपयाला कडी लावून माळेत ओवायची पद्धत होती, इकडे त्याच रुपयांचे ब्रोच झाले. पुढे कडी काढून काठ घासला की समोरून नाणं स्वच्छ दिसतं. मला आलेल्या राणी व्हिक्टोरियाच्या 1862 साल असलेल्या एका रुपयाच्या काठावर, बरोबर मुकुटाच्या वर, टाक्याचा करडा डाग होता. लिस्टिंगमध्ये उल्लेख नाही आणि काठाचा फोटोही नाही. मी काठाचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला आणि ही गोष्ट वर्णनात हवी होती, एवढंच लिहिलं. त्याने हुज्जत न घालता नाणं परत घेतलं आणि येण्याजाण्याच्या टपालासकट पैसे दिले. मी पॉझिटिव्ह दिला. 'काठावर जुना टाका होता, वर्णनात नव्हता. कळवताच पूर्ण पैसे परत' असं त्यात स्पष्ट लिहिलं. इथे न्यूट्रल द्यायला हवा होता, असं माझ्या ओळखीच्या एका संग्राहकांचं मत आहे. मला ते पटत नाही. माणसाकडून नजरचूक होते. ती दाखवल्यावर तो काय करतो, ते पुढच्या गिऱ्हाइकाला कळणं जास्त मोलाचं. आणि चुकीची गोष्ट शब्दांत आली असल्याने लपवलं काहीच गेलं नाही.

याच्या उलट प्रकार शिवराईचा. 'शिवाजी महाराजांच्या काळातलं नाणं' अशा मथळ्याखाली दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांची, शिवराई सर्रास विकली जाते. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, ही अक्षरं महाराजांच्या नंतरही पिढ्यान्‌पिढ्या शिवराई नाण्यांवर पाडली गेली. छत्र आणि पति यांच्या मधे दोन आडव्या रेघा असल्या तर ते नाणं महाराजांच्या काळातलं नाही, पेशवाईतलं किंवा त्याही नंतरचं आहे. इंग्लंडमधल्या विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं धरून मी आधी निरोप पाठवते. काही जण आभार मानून मथळा बदलतात, त्यांच्याबद्दल मी चांगलंच लिहिते. एकाने मात्र उत्तर दिलं की लोक महाराजांच्या नावावरच घेतात, मथळा तसाच राहील. त्याला निगेटिव्ह दिला आणि दोन रेघांची खूण शेऱ्यातच लिहिली. महाराजांच्या नावावर असलेल्या श्रद्धेचे पैसे करणं मला सहन होत नाही. तो निगेटिव्ह आजही योग्यच वाटतो. 1818 साल आणि रामदरबार असलेल्या, ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून खपवल्या जाणाऱ्या तांब्याच्या नाण्यांबद्दलही तेच. कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीत ती पडलेली नाहीत. ती देवघरात ठेवायला कुणी घेत असेल तर घेवो, पण दुर्मिळ म्हणून विकू नयेत.

ग्रेडबद्दल, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून ठरणाऱ्या दर्जाबद्दल, मी सबुरीने घेते. ब्रिटिश विकणाऱ्याचं 'व्हेरी फाइन' आणि अमेरिकी विकणाऱ्याचं 'व्हेरी फाइन' पुष्कळदा जुळत नाही, अमेरिकी हात जरा सैल असतो. एका पायरीचा फरक मतभेद म्हणून सोडून देते. पॉलिश केलेलं नाणं 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे न वापरलेलं, म्हणून पाठवलं असेल तर सोडत नाही. दिव्याखाली तिरकं धरलं की घासल्याच्या बारीक समांतर रेषा उठून दिसतात, तेवढं बघून लिहायचं. एनजीसी किंवा पीसीजीएस या दर्जा ठरवून नाणं सीलबंद करणाऱ्या कंपन्यांच्या डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासून मगच शेरा. खोट्या डब्याही असतात.

टपाल उशिरा आलं म्हणून तारे कापणं मला पटत नाही. विकणाऱ्याने कधी पाठवलं ते शिक्क्यावर दिसतं, पुढचा विलंब त्याचा नाही. पॅकिंग मात्र त्याचंच. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात बरीच वर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो, म्हणून तशा पाकिटात आलेलं नाणं मी लगेच बाहेर काढते आणि शेऱ्यात तसं लिहिते. भारतातल्या विकणाऱ्याने जुनं नाणं परदेशी पाठवायला नकार दिला म्हणून चिडून लिहिलेले शेरेही पाहिलेत. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपुढची नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नकार देणारा कायदा पाळतो आहे, त्याला शिक्षा कसली?

आणि 'थोडे पैसे परत दे, नाहीतर निगेटिव्ह देईन' असं कुणालाही लिहू नका. ईबेच्या नियमात ते बसत नाही आणि माणुसकीतही नाही. मामला बिघडला तर परतीची रीतसर मागणी करा, ती निकालात निघू द्या, मग लिहा. 60 दिवस त्याला पुरतात. विकणाऱ्याला तुमच्या शेऱ्याखाली उत्तर देता येतं. ते उत्तर आलं तर पुन्हा वाचा, आणि त्याचं म्हणणं खरं असेल तर खाली तसं जोडा.