व्हायरस नव्हताच, तरी आईच्या ओव्या गेल्या

गेल्या श्रावणात मंगळागौरीची गाणी शोधताना एका लिंकवर क्लिक केलं आणि अख्खा स्क्रीन लाल झाला. कर्कश भोंगा वाजू लागला आणि एक बाई हिंदीत सांगू लागली, 'आपका कंप्यूटर लॉक कर दिया गया है.' खाली फोन नंबर होता. खिडकी बंद करायची फुलीच दिसेना. घरात मी एकटीच होते. घाबरून तो नंबर फिरवला.

ते लॉक वगैरे काहीच नव्हतं. पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं ते एक साधं वेबपेज होतं. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरून, फुली दिसताच खिडकी बंद केली असती, किंवा कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला असता, तर ते गेलं असतं. तेही जमलं नाही तर सरळ संगणक बंद करावा. आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, असं मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलेलं आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

फोनवरचा मुलगा फार अदबीने बोलत होता. 'मॅडम, घबराइए मत.' त्याने दुरून संगणक चालवायचं एक सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, त्यातला नंबर विचारला आणि 'स्वीकारा'वर क्लिक करायला सांगितलं. त्या एका क्लिकने संगणक त्याच्या ताब्यात गेला. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि म्हणाला, हे सगळे व्हायरस. भाच्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ते मी नंतर मुद्दाम उघडून पाहिलं. तिथेही अशाच खुणा होत्या. बारीकसारीक अडचणींची ती नोंदवही असते, चांगल्या संगणकातही भरलेली असते. पण त्या दिवशी मी यूपीआयने 6,999 रुपये भरले.

लगेच त्याने आणखी 24,000 मागितले. मी नाही म्हटलं तसा त्याचा सूर बदलला आणि स्क्रीन काळा झाला. तेव्हाच वायफायचा राउटर बंद करायला हवा होता. मी मात्र फोनवर विनवण्या करत बसले. स्क्रीन परत दिसला तेव्हा 'आई' नावाचा फोल्डर नव्हता. आईने म्हटलेल्या जात्यावरच्या 43 ओव्या त्यात होत्या. आई आता नाही.

पुढे दोन दिवस मी त्याच संगणकावर शोधाशोध केली, कुणीतरी सुचवलेली सॉफ्टवेअरं त्यावरच टाकली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं ते ऐकून हातपाय गळाले: हार्ड डिस्कवरची डिलीट झालेली फाइल लगेच पुसली जात नाही, फक्त तिची जागा मोकळी धरली जाते. नवं काही लिहिलं की ते त्याच जागेवर बसू शकतं. म्हणजे ओव्यांवर मीच माती टाकत होते. असं कुणाचं झालं तर संगणक तत्काळ बंद करा आणि तसाच जाणकाराकडे न्या. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क असेल, तर आशा आणखी कमी.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तोही चार दिवसांनी. तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरले होते. पहिल्या तासाभरात केला असता तर कदाचित ते गोठवता आले असते.

मामेबहिणीच्या जुन्या फोनवर तीन ओव्या सापडल्या. त्या दोन पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. एक माझ्या कपाटात, संगणकाला न जोडलेला, आणि दुसरा तिच्या घरी.