वारसांचं घर घेताना: सगळ्यांच्या सह्या, हक्कसोड की मृत्युपत्र?

कोकणात विकायला निघालेलं कौलारू घर पुष्कळदा मयताच्या नावावर असतं आणि सह्या करणारे डोंबिवलीपासून दुबईपर्यंत पांगलेले. मग खरेदीखत कोणाकडून करून घ्यायचं?

सगळ्या वारसांनी मिळून दिलेलं खरेदीखत सर्वांत भक्कम. त्याआधी वारस फेरफार, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं लावणारी महसुली नोंद, मंजूर झालेला हवा. त्याची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. पण फेरफार म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका, जुने फेरफारही काढा. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नाही. बहिणी 'इतर हक्क' रकान्यात ढकललेल्या असतात, नाहीतर कुठेच नसतात. आईला तर सगळेच विसरतात. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको-मुलांबरोबर आईलाही वाटा मिळतो. पुढे ती वारली की त्या वाट्यात मयताचे भाऊ-बहीण येतात. ठरलेला व्यवहार इथेच फिसकटतो. प्रत्येक वारस 'लिहून देणार', म्हणजे विकणारा म्हणून हवा, 'संमती देणार' म्हणून सही करून मोकळा झालेला नको.

वारस दहा-बारा असतील तर हक्कसोड सोयीचं. बाकीचे एका वारसाच्या नावे हक्क सोडतात, तुम्ही त्या एकाकडून घेता. यात दोन दस्त आणि दोन फेरफार होतात, वेळ जातो. शिवाय हक्क सोडलेली बहीण पैसे मिळाले नाहीत म्हणून उलटू शकते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. नोटरी केलेला स्टॅम्पपेपर इथे कामाचा नाही. घाई नसेल तरच ही वाट धरा.

मृत्युपत्रावरून एकाच लाभार्थीकडून घेणं कागदावर सर्वांत सोपं, आणि म्हणूनच जास्त तपासायचं. दोन साक्षीदार आहेत का? मयताला फक्त स्वकष्टार्जित मालमत्ता आणि वडिलोपार्जितातला आपला हिस्साच देता येतो. अख्खं घर लिहून दिलेलं असलं तरी. वगळलेले वारस लेखी मान्यता देत नसतील तर आम्ही बाजूला होऊ.

नुसता एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावलात तर घरचेच तुमचा हिस्सा विकत मागू शकतात.

कुठल्याही वाटेनं गेलात तरी मयतानं दिलेलं कुलमुखत्यारपत्र त्याच्याबरोबर संपलेलं असतं. वारस अज्ञान (18 वर्षांखालचा) असेल तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीचं आधी वकिलाला विचारा. अनिवासी वारसाच्या रकमेतून कर कापायची जबाबदारी खरेदीदाराची, 50 लाखांखालच्या व्यवहारात कर न कापण्याची सूट तिथे नाही.

आणि घराखालची जमीन पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा नव्हे. इथे घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, असं सर्रास सापडतं. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी लागतो. विहिरीचा वाटा आणि पाणंदीची वाट खरेदीखतात शब्दांत लिहून घ्या. सह्यांसाठी गणपतीचे दिवस धरा. सगळे तेव्हाच एका पडवीत भेटतात.