वाशीतील गृहकर्ज सल्लागार: कागदपत्रांसाठी उपयोगी, व्याजदरासाठी अपुरा

नेरूळमध्ये पुनर्विक्रीची सदनिका घेताना आम्ही गृहकर्जासाठी वाशीतील एका कर्ज सल्लागाराची सेवा घेतली. थेट बँकेच्या शाखेत जावे की असा मधला माणूस धरावा, याचा निर्णय घ्यायचा असेल तर त्याच्याकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे हे आधी ठरवावे, असे माझे मत झाले आहे. कागदपत्रांच्या कामात ही सेवा मला मनापासून आवडली, परंतु कोणत्या संस्थेकडून कर्ज घ्यावे या प्रश्नावर मी तिच्यावर अवलंबून राहणार नाही.

आपल्याकडे हे सल्लागार बहुधा बँकांचे आणि गृहवित्त कंपन्यांचे डीएसए, म्हणजे त्यांच्यासाठी ग्राहक आणणारे एजंट असतात. कर्जाची रक्कम वितरित झाली की त्यांना त्या संस्थेकडून मोबदला मिळतो, त्यामुळे ग्राहकाने वेगळे शुल्क देण्याचे कारण सहसा नसते, आणि आमच्याकडूनही काही घेतले गेले नाही. मात्र ज्या संस्थांशी सल्लागाराचा करार आहे त्यांचेच प्रस्ताव तो समोर ठेवतो, आणि प्रत्येक संस्था देत असलेला मोबदला सारखाच असतो असे नाही.

या सेवेचे खरे मोल सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या जमिनीवरील जुन्या सदनिकेच्या बाबतीत कळते. इथली जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे केवळ विक्रेत्याचा करारनामा पुरेसा ठरत नाही. पहिल्या वाटपापासूनची करारनाम्यांची संपूर्ण साखळी, प्रत्येक व्यवहाराचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि ना हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र, सिडकोची हस्तांतरणाची परवानगी आणि सदनिका गहाण ठेवण्यासाठीचे तिचे ना हरकत पत्र, हे सारे बँकेचा वकील तपासतो. आमच्या प्रकरणात मधल्या एका व्यवहाराची नोंद सिडकोकडे झालेली नव्हती. सल्लागाराने ती उणीव फाइल बँकेत दाखल करण्यापूर्वीच ओळखली, ती विक्रेत्याकडून दुरुस्त करून घेतली, आणि सीबीडी बेलापूरच्या सिडको भवनात कोणता अर्ज कोणत्या क्रमाने द्यायचा हे नीट समजावून सांगितले. कर्ज मंजूर झाल्यानंतर ही उणीव उघड झाली असती, तर वितरण थांबले असते आणि विक्रेत्याला दिलेली मुदत टळली असती. गहाणाची नोटीस ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, हेही त्याने आठवणीने करून घेतले.

व्याजदराच्या बाबतीत अनुभव वेगळा होता. पहिला प्रस्ताव एका गृहवित्त कंपनीचा आला आणि मंजुरी लवकर मिळेल यावरच सारा भर होता. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना वैयक्तिक गृहकर्जाचा नवा बदलता दर बाह्य मानदंडाशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या रेपो दराशी, जोडावा लागतो आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्याचा फेरआढावा घ्यावा लागतो. गृहवित्त कंपन्यांवर तसे बंधन नाही, आणि हा फरक आम्हाला विचारल्याशिवाय सांगितला गेला नाही. ५० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर ८.५० टक्क्यांऐवजी ८.७५ टक्के दर लागला, तर मासिक हप्ता सुमारे ८०० रुपयांनी वाढतो आणि पूर्ण मुदतीत जवळपास १ लाख ९० हजार रुपये जास्त जातात. म्हणून आम्ही पगार खाते असलेल्या बँकेच्या शाखेतूनही स्वतः दर विचारला. तो हाती आल्यावरच सल्लागाराने दुसऱ्या एका बँकेचा कमी दराचा प्रस्ताव आणला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्या संस्थेला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते आणि त्यात शुल्कांसह येणारा वार्षिक दर छापलेला असतो. तोंडी सांगितलेल्या दरांपेक्षा दोन संस्थांची ही विवरणपत्रे शेजारी ठेवून पाहावीत. प्रोसेसिंग फी किती आणि एकदाच हप्ता भरायच्या विम्याची रक्कम कर्जात मिसळली आहे का, हे तिथे लगेच दिसते. तसा विमा त्याच संस्थेकडून घेण्याची सक्ती करता येत नाही. आमच्या मसुद्यात तो घातलेला होता, नको म्हणताच काढला गेला. आपल्या संमतीशिवाय एकाच वेळी अनेक संस्थांत अर्ज टाकू नयेत, हे सल्लागाराला पहिल्याच दिवशी बजावावे, कारण प्रत्येक चौकशी सिबिलच्या पतअहवालात उमटते.

सदनिकेच्या किमतीच्या ९५ टक्के कर्ज मिळवून देतो, असे कोणी म्हणत असेल तर तिथून निघावे. बँकेचे ३० लाखांहून जास्त आणि ७५ लाखांपर्यंतचे कर्ज मूल्याच्या ८० टक्क्यांपलीकडे आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि या मोठ्या कर्जांसाठी मूल्यात मुद्रांक शुल्क धरले जात नाही.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्या नोकरदाराला, प्रकल्प बँकेने आधीच मंजूर केलेला असेल, तर सल्लागाराची फारशी गरज नाही. शाखेतच काम होते. जुन्या सदनिकेसाठी, किंवा उत्पन्न व्यवसायाचे असून प्राप्तिकर विवरणपत्रांतील आकडे वर्षागणिक बदलत असतील तर, मी ही सेवा आवर्जून सुचवेन. तिथे जाणाऱ्याने त्या सल्लागाराकडे प्रत्येक बँकेने दिलेले अधिकृत नेमणूकपत्र पाहायला मागावे. आम्ही मागितले तेव्हा त्याने ते खळखळ न करता दाखवले, परंतु कोणत्या संस्थेकडून किती मोबदला मिळतो हे लिहून द्यायला तो तयार झाला नाही, आणि तेवढ्यासाठी या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो.