आधी कोणता ऐकायचा? ट्राइबचा १९९१चा की २०१६चा?

मालवणीत रॅप करणारी कुडाळ-मालवणकडची पोरं विचारतात, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या अमेरिकन रॅप ग्रुपचा एकच अल्बम नीट बसून ऐकायचा तर कोणता? १९९१चा ‘द लो एंड थिअरी’ की शेवटचा, २०१६चा ‘वी गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युअर सर्व्हिस’?

दोन्हींत मोठा फरक माणसांचा आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या या ग्रुपात १९९०च्या पहिल्या अल्बमला चौघे होते: क्यू-टिप, फाइफ डॉग, डीजे अली शहीद मुहम्मद आणि जरोबी. मग जरोबी शेफ होण्याचं शिक्षण घ्यायला बाहेर पडला. ‘लो एंड थिअरी’ उरलेल्या तिघांचा, आणि फाइफ खरा उघडला तो इथे. आधी तो मोजक्याच गाण्यांत होता, इथे टिपच्या तोडीस तोड उभा राहतो. टिपचा आवाज नाकातला, सैल. फाइफचा चढा, ठासून बोलणारा. डबलबारीत दोन बुवा एकमेकांवर चढाई करतात. हे दोघे मात्र एकाच बारीचे, एकाची ओळ संपते न संपते तोच दुसरा उचलतो. तुमचा ग्रुप असेल तर हेच पुन्हा पुन्हा ऐका.

आणि बास, म्हणजे तो खालचा खर्जातला सूर! एका गाण्यात जॅझमधले रॉन कार्टर यांनी स्वतः डबल बास हे मोठं उभं तंतुवाद्य वाजवलंय. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका. पखवाजाच्या डाव्या बाजूची कणीक खरवडून भजनाला बसल्यासारखं होतं, घुमाराच जातो. मी तो हेडफोन लावून ऐकला तेव्हा पडवीच्या पत्र्यावर आषाढातला पाऊस बदाबदा कोसळत होता. तरी बास ऐकू येत होता.

२०१६चा अल्बम मागच्या अल्बमनंतर १८ वर्षांनी आला. जरोबी परतला, नुसता सोबतीला नाही, चांगला रॅप करतोय. टिपच्या न्यू जर्सीच्या घरातल्या स्टुडिओत टिप, फाइफ आणि जरोबी एकत्र बसून काम करत होते. काम चालू असतानाच, २२ मार्चला, मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे फाइफ गेला. वय ४५. त्याने भरून ठेवलेलं घेऊन बाकीच्यांनी अल्बम पुरा केला आणि नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर तीनच दिवसांनी, तो बाहेर आला. बिलबोर्ड या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिला आला. तासाभराचा आहे, पाहुणेही भरपूर: आंद्रे ३०००, केंड्रिक लमार हे रॅपर, पॉपवाला एल्टन जॉनसुद्धा. मला काही ठिकाणी गर्दी वाटते. पण फाइफवरच्या गाण्यात जरोबी आपल्या मित्राबद्दल बोलायला लागतो तेव्हा माझ्या घशात आवंढा येतो, दरवेळी.

तरी माझं मत १९९१च्या बाजूने. फाइफचा आवाज आधी ओळखीचा झालेला नसेल तर २०१६मध्ये कोण गेलंय हे कानाला कळणारच नाही. ज्यांच्या ग्रुपातला एकजण नोकरीला मुंबईत आहे आणि फक्त गणपतीतच हाताशी लागतो, त्यांना २०१६चा अल्बम लवकर ऐकावासा वाटेल, ते मी समजू शकतो. पण महिनाभर थांबा.

१९९१च्या अल्बमच्याही दुसऱ्या गाण्यापासून सुरू करा. बास येतो आणि त्यावर पहिला आवाज फाइफचा.