एफआर-४च्या भावात सीईएम-१: हाय व्होल्टेजचे बोर्ड करून घेताना सावध राहा

५ केव्हीच्या (५,००० व्होल्टच्या) मल्टिप्लायरचे, म्हणजे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या सर्किटचे, १० बोर्ड पुण्यातल्याच एका फॅब्रिकेटरकडून करून घेतले. बिलावर स्पष्ट लिहिलंय: एफआर-४ (काचेचं कापड आणि इपॉक्सीचा बोर्ड), जाडी १.६ मिमी, तांबं १ औंस (तांब्याच्या थराच्या जाडीचं माप), स्लॉट राउटिंगसह (बोर्डात आरपार खाच कापून). मिळाला सीईएम-१, आणि स्लॉटच्या जागी सिल्कस्क्रीनची, म्हणजे नुसत्या छपाईची, पांढरी रेघ. राउटिंगचे पैसे मात्र वेगळे लावलेले! विचारल्यावर उत्तर, "सर, सगळ्यांना हेच चालतं."

एलईडी ड्रायव्हरला चालत असेलही. सीईएम-१ला दोन्ही बाजूंनी काचेचं कापड आणि पोटात कागद असतो. वरच्या हिरव्या मास्कच्या (रंगाच्या थराच्या) खाली तो कळत नाही, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बोर्ड चाचणीही पास होतो. पावसाळा लागला की कागद कडांतून, भोकांतून ओल धरतो. विजेची गळती वाढते, डिव्हायडरचं (व्होल्टेज विभागून मोजणाऱ्या रेझिस्टरांचं) रीडिंग सरकायला लागतं आणि मग दोन पॅडांमध्ये बारीक काळी रेघ उमटते. ती कार्बनची असते. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून जात नाही, बोर्ड बाद.

स्लॉट गाळणं त्याहून वाईट. आयपीसी-२२२१ या बोर्ड डिझाइनच्या मानकाप्रमाणे कोटिंग नसलेल्या बोर्डावर ५०० व्होल्टला २.५ मिमी आणि पुढे प्रत्येक व्होल्टला ०.००५ मिमी अंतर लागतं, म्हणजे ५ केव्हीला २५ मिमी. एवढी जागा नसते म्हणून तर पृष्ठभागावरची वाट स्लॉटने लांबवायची. स्लॉट किमान १ मिमी रुंद ठेवा आणि सिल्कवर नाही, आउटलाइनच्या लेयरवर काढा. गर्बरसोबत (फॅब्रिकेटरला द्यायच्या बोर्डाच्या फाइलींसोबत) वेगळी सूचनाही लिहून द्या.

माल घेताना दुकानातच तांबं नसलेल्या जागी मागून मोबाइलचा टॉर्च लावा. एफआर-४मधून उजेड आरपार येतो, विणीची जाळी दिसते. सीईएम-१ दुधट, गढूळ दिसतो. तांब्यासाठी पॅनेलच्या कडेला १ मिमी रुंद, १०० मिमी लांब ट्रॅक टाकून ठेवा. त्यातून १ अँपिअर सोडल्यावर साधारण ५० मिलिव्होल्ट यायला हवेत. १००च्या आसपास आले तर तांबं अर्धा औंसच आहे. ही तपासणी होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा.

डायोडांतही हाच प्रकार चालतो. यूएफ४००७ (झटपट बंद होणारा डायोड) असं छापलेले काही डायोड आतून साधे, संथ १एन४००७ निघतात. मल्टिमीटरला दोन्ही सारखेच. ४० किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हवर, १ किलोओमच्या लोडसह ऑसिलोस्कोपवर बघा: खरा ७५ नॅनोसेकंदांच्या आत बंद होतो, नकली कितीतरी वेळ उलटा करंट सोडत राहतो आणि मल्टिप्लायरमध्ये तापतो.