रोड बाईकला ट्यूबलेस: एक गाळप हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यावर

रोड रेसिंग बघणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो: प्रो टीम ट्यूबलेसवर, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरवर गेल्या, मग आपणही जावं का? इथलं उत्तर कोल्हापूरच्या रस्त्यांपुरतं आहे. टायर २८ मिमीचे ट्यूबलेस-रेडी, रिम ॲल्युमिनियमची, हुकवाली (कडेला टायर धरणारा आकडा असलेली), आतून २१ मिमी रुंद. सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतायचं भोक बुजवणारं द्रव, लॅटेक्सचं. चालवणारा आणि सायकल मिळून वजन ८२ किलो. रस्ते पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा आणि शिरोळ-कागलचा ऊसपट्टा.

प्रो मंडळी वर्षानुवर्षं ट्यूब्युलर वापरत होती, म्हणजे रिमला गोंदाने चिकटवलेला टायर. २०१९ ला अलेक्झांडर क्रिस्टॉफने गेंट-वेव्हेलगेम ही शर्यत ट्यूबलेसवर जिंकली. २०२१ च्या ऑक्टोबरात भर चिखलातली पॅरिस-रुबे सोनी कोल्ब्रेलीने ट्यूबलेसवरच मारली. त्यांचा हिशोब सरळ आहे: कमी हवेत टायर चांगला पळतो, दगडावर आपटला तर चिमटीत सापडायला आत ट्यूबच नसते. पण त्यांचं सीलंट मेकॅनिक बघतो आणि मागून सुटं चाक घेऊन टीमची गाडी येत असते. आपल्याला दोन्ही नाही. वजनही वाचत नाही, कारण ट्यूबलेस टायर जाड असतो आणि वर सीलंट. साधा टायर आणि टीपीयू (पातळ, हलक्या प्लास्टिकची) ट्यूब ही जोडी हलकी पडते. त्यामुळे आपलं कारण एकच उरतं, पंक्चर.

आणि ते कारण इथे भक्कम आहे. गाळप सुरू झालं की रस्त्यावर तीन गोष्टी येतात. कुंपणाच्या बाभळीचे काटे, फुटलेल्या ट्रॉली-ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या बारीक तारा, आणि बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्रीचे खिळे. पहिल्या दोन्हींवर ट्यूबलेस अक्षरशः राज्य करतं. काटा घुसतो, सीलंट भोक बुजवतं, घरी टायर पुसताना पांढरा ठिपका दिसला तेव्हा कळतं. काटा दिसला तरी रस्त्यात उपटू नका. घरी उपटा, लगेच भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर तसंच ठेवा, म्हणजे सीलंट भोकावर साचतं.

पत्रीच्या खिळ्याचं तसं नाही. त्याचं भोक ३-४ मिमीचं. ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असताना सीलंट फवाऱ्यासारखं बाहेर येतं, ३० च्या आसपास भोक कसंबसं बुजतं, आणि परत हवा भरली की उघडतं. तिथे प्लगच लागतो, म्हणजे भोकात ठासायची रबरी पट्टी. पट्टी सुईत मधोमध ओवायची, भोकात दाबायची, दोन्ही टोकं बाहेर सेंटीमीटरभर राहू द्यायची आणि सुई झटक्यात ओढायची. टोकं रस्त्यावर झिजून जातात. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर प्लगचा भरवसा नाही, ट्यूब घालून घर गाठायचं.

बसवताना सगळा खेळ रिम टेपचा, म्हणजे रिममधली आऱ्यांची भोकं झाकणाऱ्या चिकटपट्टीचा. निम्म्या तक्रारी टायरच्या म्हणून येतात आणि निघतात टेपच्या. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ मिमी जास्त रुंद घ्या, म्हणजे २१ ला २३. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट लावू नका. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून ताणून दोन वेढे द्या. टेप सैल राहिली की हवेच्या दाबाने आऱ्यांच्या भोकात खचते, कडेने सीलंट आत शिरतं आणि चाकातली हवा रोज रात्री उतरते. आऱ्या रिमला जिथे जोडतात त्या निपलपाशी ओल दिसली तर दोष टेपचा समजा, सीलंट ओतत बसू नका.

टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. कड रिमच्या मधल्या खोबणीत दाबत आलं की शेवटी ढिलाई मिळते. कडांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा कोर (आतला सुटा होणारा भाग) काढा आणि एकदम हवा सोडा. साध्या फ्लोअर पंपाने बऱ्याचदा जमत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर प्रेस्टाचा (रोड बाईकच्या बारीक व्हॉल्व्हचा) ॲडॅप्टर लावून काम होतं, पण नळी दुसऱ्याच्या हातात देऊ नका. टाकीत आपल्या रिमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो. दोन्ही कडा टक-टक आवाज करत बसल्या की हवा सोडा, कोरच्या जागेतून प्रत्येक चाकात ३५ मिली सीलंट घाला, कोर लावा, हवा भरा, चाक दोन्ही कुशींवर आडवं करून हलवा आणि लगेच अर्धा तास चालवून या.

हवा: कोरड्यात पुढे ६२, मागे ६६. पावसात दोन्हीकडे ५ कमी. जोतिबाच्या उतारावर आणि गगनबावड्याच्या वाटेवर जांभ्याची लाल वाळू वळणात साचते, तिथे हा फरक हाताला जाणवतो. ५५ च्या खाली मात्र याच वजनाला टायर वळणात लोळतो आणि खड्ड्यात रिम आपटते.

रिम हुकलेस, म्हणजे कडेला आकडा नसलेली असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे. ती ओलांडायची नाही, आणि त्या रिमसाठी मान्य केलेलाच टायर घालायचा. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंटच्या हुकलेस रिमवरून टायर निघाला आणि तो पडला, तेव्हा रायडरच्या संघटनेनेही हा विषय उचलला. एकूण वजन नव्वदीच्या वर असेल तर हवा वाढवण्यापेक्षा ३० किंवा ३२ मिमीचा टायर घ्या, फ्रेममध्ये जागा आहे का ते आधी बघून.

देखभाल चुकली की ट्यूबलेसचा उपयोग शून्य. सीलंट दोन महिन्यांनी, मार्च ते मे दीड महिन्याने तपासा. कोर काढून आत केबल टाय बुडवा. टोक ओलं आलं नाही तर २० मिली घाला. बाटली जोरात हलवूनच ओता, भोक बुजवणारे कण तळाशी बसतात. व्हॉल्व्ह वर ठेवून थोडं थांबा आणि मगच हवा मोजा, नाहीतर कोर लॅटेक्सने तुंबतो. दोन जादा कोर जवळ असू द्यात. हवा बुटाइलच्या, म्हणजे नेहमीच्या रबरी ट्यूबपेक्षा लवकर उतरते, म्हणून निघताना दर वेळी पंप लागतोच.

सोबत प्लग, टीपीयू ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतूस शेवटचा उपाय, त्याने लॅटेक्सच्या गुठळ्या होऊ शकतात. रिम ब्रेकवाल्यांनी (ज्यांचा ब्रेक रिमलाच घासतो) ट्यूबच्या पाकिटावरची सूचना वाचावी. काही टीपीयू ट्यूब रिमच्या उष्णतेला टिकत नाहीत, आणि करूळ घाटासारख्या लांब उतारावर रिम चांगलीच तापते. ट्यूब घालण्याआधी टायर आतून चिंधीने पूर्ण चाचपा. सीलंटने मुकाट सांभाळलेले सगळे काटे तिथेच असतात आणि नवी ट्यूब पहिल्याच किलोमीटरला जाते.

ऊसपट्ट्यात नियमित चालवणाऱ्याने ट्यूबलेस घ्यावंच. सायकल महिनोन् महिने भिंतीला उभी राहत असेल तर ट्यूबच बरी, कारण सीलंट उभ्या चाकातही वाळतं. मागचा टायर आधी झिजतो; नवा घेतला की तो पुढे लावा आणि पुढचा मागे.